मुलीला फोन करायचा, तर आधी विचारायचं?

प्रश्न : मी ७१ वर्षांचा निवृत्त गृहस्थ. मुलगा, सून आणि नात यांच्यासोबत राहतो. मुलगी दूर असते. मला नव्याचं वावडं नाही. स्मार्टफोन वापरतो, मेसेज करतो, तिकिटंसुद्धा काढतो. पण घरातल्या काही सवयी काही केल्या पचनी पडत नाहीत. मुलीला फोन लावला की ती उचलत नाही आणि दोन मिनिटांत तिचा मेसेज येतो, ‘बाबा, काय झालं?’ आता तर तिने सांगूनच टाकलंय, फोन करण्याआधी मेसेज टाकत जा. म्हणजे स्वतःच्या मुलीशी बोलायला मी अपॉइंटमेंट घ्यायची? मेसेज टाकला तर निळ्या खुणा लगेच दिसतात, उत्तर मात्र संध्याकाळी. मुलगा जेवताना फोन ताटाशेजारी पालथा ठेवतो आणि घडीघडी उलटून बघतो. सुनेच्या कानात ते पांढरं काहीतरी सतत खुपसलेलं. हाकांवर हाका माराव्या लागतात. परवा नातीसाठी माझ्या लहानपणीची एक गोष्ट सात मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमध्ये रेकॉर्ड करून पाठवली. संध्याकाळी ती क्लासहून आली आणि पलीकडच्या खोलीत ऐकू लागली, दुप्पट वेगाने! माझाच आवाज, पण पाठीमागे कुणी लागल्यासारखा पळत होता. पूर्ण ऐकलं तिने, पण असं. फोनवर माझं बोट पडलं की भलतंच काहीतरी उघडतं. मग मुलगा फोन हातातून घेतो आणि स्वतःच करून टाकतो. गेल्या महिन्यात माझा जुना मित्र गेला, तर त्याच्या मुलाचं सांत्वन बहुतेकांनी हात जोडल्याचं चित्र पाठवून उरकलं. काही बोललो की घरात एकच उत्तर, ‘बाबा, जमाना बदललाय.’ मीच मागे पडलोय, की हे सगळं खरंच चुकतंय?

उत्तर : काका, ‘जमाना बदललाय’ या उत्तराचा तुम्हाला राग येतो यात काही नवल नाही. तुम्ही विचारता एक आणि घरचे कॅलेंडरकडे बोट दाखवतात. पण खरं सांगू? तुमच्या पत्रातही थोडं तसंच झालंय. मुलीचा मेसेज, मुलाचा ताटाशेजारचा फोन, नातीचा दुप्पट वेग, मित्राच्या मुलाला आलेली चित्रं, सगळं एकाच पोत्यात भरून तुम्ही माझ्यापुढे ठेवलंत आणि विचारलंत, हे बरोबर की चूक. मी ते पोतं उपसून बसले आहे. यातल्या काही गोष्टींत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे, काहींत तुमच्या मुलीच्या. निवाडा करताना मी सवय नवी की जुनी हे बघितलेलं नाही. ती कुणाकडून काय काढून घेते, एवढंच बघितलं.

मुलीपासून सुरुवात करते, कारण तुमचं खरं दुखणं तिथे आहे असं मला वाटतं.

पूर्वी घरात फोन एकच असायचा आणि तो घराचा असायचा. वाजला की कोण आहे हे उचलल्याशिवाय कळायचं नाही, आणि नाही उचलला तर निरोप बुडाला. म्हणून हातातलं टाकून धावायचं. पुढे आपण या धावण्याला शिष्टाचार म्हणू लागलो, पण मुळात ती यंत्राची अडचण होती. आता पडद्यावर नाव दिसतं, न उचललेल्या कॉलची नोंद राहते, निरोप बुडत नाही. अडचण गेली, तसं धावणंही गेलं. टेलिफोनच्या सुरुवातीच्या दिवसांत तर फोन करणाराच काही लोकांना असभ्य वाटत असे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना पेटंट मिळालं १८७६ साली. त्यानंतर बरीच वर्षं, फोनवरून आमंत्रण देणं सभ्य माणसाला शोभत नाही असं मानणारे लोक होते. उचलल्यावर पहिला शब्द कोणता उच्चारायचा यावरही एकमत नव्हतं. बेल यांना ‘अहॉय’ पसंत होता, एडिसन यांनी ‘हॅलो’ चालवला. तेव्हा फोनच्या रीती तुमच्या मुलीने पहिल्यांदा बदलल्या असं काही नाही. तुमच्या आजोबांच्या पिढीनेही त्या बदलून घेतल्याच होत्या.

मुलीच्या दृष्टीने बघा. कामाच्या मधोमध फोन वाजतो तेव्हा तो तिला दोनच पर्याय देतो, आहे ते सोडून बोल किंवा वडिलांचा फोन कापल्याचा सल मनात घेऊन बस. मेसेज तिला तिसरा पर्याय देतो. आणि यात तुमच्याकडून काय जातं? एक ओळ टाइप करण्याचे श्रम. मान जातो असं तुम्हाला वाटतं, ते मला समजतं. पण अपॉइंटमेंट परक्याची घेतात, कारण तो भेटेलच याची खात्री नसते. तुमची मुलगी तुमच्याशी बोलणारच आहे. ती फक्त कधी ते विचारते आहे.

शिवाय तिचा तो दोन मिनिटांत आलेला मेसेज तुम्ही पुन्हा एकदा वाचा. ‘बाबा, काय झालं?’ तुम्हाला त्यात कपाळावरची आठी दिसली. मला भीती दिसली. तिच्या वयाची माणसं एरवीचं सगळं बोलणं लिहून करतात. त्यांच्यापुरता न सांगता आलेला फोन म्हणजे काहीतरी बिनसलंय. त्यात फोन ७१ वर्षांच्या वडिलांचा, भर दुपारी. पडद्यावर तुमचं नाव बघून तिच्या पोटात गोळा येत असणार, आणि तुम्ही मात्र सहज बोलायला म्हणून फोन केलेला.

म्हणून मेसेज टाकाच, पण नुसता ‘फोन कर’ असा टाकू नका. त्याने गोळा आणखी मोठा होतो. ‘काही विशेष नाही, गप्पा मारायच्यात. मोकळी झालीस की लाव’ असं पूर्ण लिहा. आठवड्यातला एक वार आणि एक वेळ ठरवून टाका, म्हणजे त्या वेळी विचारायचा प्रश्नच उरणार नाही. ठरलेल्या वेळी साध्या कॉलऐवजी व्हिडिओ कॉल करा. वय वाढतं तसे कान आधी उंच पट्टीचे आवाज गमावतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ ओळखायला नेमके तेच लागतात. जुन्या पद्धतीचा टेलिफोन तर ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज पुढे नेत असे, त्यामुळे ही अक्षरं आणखी अस्पष्ट व्हायची. इंटरनेटवरच्या कॉलमध्ये आवाजाचा पट्टा मोठा असतो, आणि समोरच्याचे ओठ दिसले की कानाचं निम्मं काम डोळे करतात.

आता खरंच तातडीचं काही असेल तर? त्याची सोय फोनमध्येच आहे, फक्त ती कुणी घरच्यांना समजावून सांगत नाही. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलेलं असतानाही एकाच माणसाचा लागोपाठ दुसरा कॉल आला तर तो वाजू द्यायचा, असं फोनला सांगता येतं. आयफोनमध्ये तीन मिनिटांच्या आत, अँड्रॉइडमध्ये साधारण पंधरा मिनिटांच्या आत आलेला दुसरा कॉल यात धरतात. मुलीला हे चालू करायला सांगा आणि घरात ठरवून टाका, लागोपाठ दोन कॉल म्हणजे तातडी. मग मात्र हे दोन कॉल गप्पांसाठी वापरायचे नाहीत. एकदा वापरलेत की तिसऱ्या वेळी ती खरी तातडीसुद्धा मनावर घेणार नाही.

निळ्या खुणांचं थोडक्यात सांगते. व्हॉट्सअॅपने त्या २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये आणल्या, आणि माझं स्पष्ट मत आहे की त्यांनी घराघरांत जेवढा गैरसमज पेरला तेवढा दुसऱ्या कुठल्या खुणेने पेरला नसेल. निळी खूण म्हणजे तुमचं बोलणं पडद्यावर उघडलं गेलं, एवढंच. ते लक्ष देऊन वाचलं का, उत्तर द्यायला हात मोकळा होता का, हे खूण सांगत नाही. सेटिंग्जमध्ये ‘रीड रिसीट्स’ बंद करा. तुमच्या खुणा इतरांना दिसणार नाहीत आणि त्यांच्या तुम्हाला. ग्रुपमध्ये हे चालत नाही, तिथे खुणा दिसतच राहतात. तरी निम्मी धुसफूस कमी होईल. उत्तर संध्याकाळी आलं तर संध्याकाळी वाचा. पत्राला आठवडा लागायचा तेव्हा कुठे आपण चिडत होतो.

आता मुलगा. इथे मी सरळ तुमच्या बाजूने. मुलीची सवय तुमच्याकडून काही नेत नाही, मुलाची नेते. जेवणाला चार माणसं बसलेली असताना त्यातला एक घडीघडी उठून बाहेर जाऊन येऊ लागला तर बाकीच्यांना काय वाटेल? तो उठत नाही एवढाच फरक. बोलणं त्याच्यापाशी येऊन तुटतं, सांगणाऱ्याला मागचं वाक्य पुन्हा म्हणावं लागतं, आणि काही दिवसांनी सांगणारा सांगणंच सोडतो. याला ‘जमाना’ म्हणायचं कारण नाही. ही सवय त्याच्या पिढीतल्या लोकांनाही खुपते. पडदा वर सरकवत राहिलं की मजकूर कधी संपतच नाही, ही युक्ती आझा रास्किन यांनी २००६ मध्ये तयार केली. पुढे लोकांचा किती वेळ त्यात गेला हे बघून त्यांनी स्वतःच त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. तो डिझायनर काही आजोबांच्या वयाचा नव्हता.

पण एक गोष्ट तुम्ही स्वतःच लिहून पुढे गेलात. मुलगा फोन पालथा ठेवतो. म्हणजे त्यालाही कळतं. पडदा दिसला की हात जाणार, म्हणून तो आपल्यापरीने बंदोबस्त करतो आणि हरतो. हरणाऱ्यावर ओरडलं की तो चिडतो. म्हणून ‘ठेव तो फोन’ हे वाक्य जेवताना उच्चारूच नका. ते त्याने शाळेत असल्यापासून या ना त्या रूपात ऐकलंय. दुसऱ्या कुठल्या तरी वेळी, दोघंच असताना सांगा, ‘रात्रीच्या जेवणाला तुझा फोन दुसऱ्या खोलीत ठेवशील का? मला तुझ्याशी बोलायचं असतं.’ एकच जेवण मागा, तीन नव्हे. कामाचा कॉल अपेक्षित असेल तर त्याने आधी सांगावं आणि उठून बाहेर जाऊन घ्यावा, यालाही हो म्हणा. आणि तुमचाही फोन त्याच खोलीत जाईल. सकाळच्या सुविचारांचे मेसेज जेवताना पुढे पाठवणारे बरेच आजोबा मी पाहिलेत, तुम्ही त्यातले नसाल असं समजते.

सुनेचं प्रकरण मला भांडणाचं वाटतच नाही. आजकालच्या बऱ्याच इअरफोनमध्ये बाहेरचा आवाज दाबण्याची सोय असते, त्यामुळे तिला तुमची हाक खरोखरच पोचत नसेल. शिवाय ती गाणी ऐकते की कामाच्या मीटिंगमध्ये आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कदाचित तुम्हालाही माहीत नसेल. तिच्या नजरेसमोर जाऊन हात हलवा, झालं. काळजीच करायची असेल तर तिच्या कानांची करा. मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. त्याहून मोठा आवाज असेल तर तास झपाट्याने कमी होतात.

आता नात. तुमच्या पत्रातली ही जागा मी दोनदा वाचली. माझ्या आवाजाच्या बाबतीत असं झालं असतं तर मलाही लागलं असतं. व्हॉइस मेसेजचा वेग वाढवायची सोय व्हॉट्सअॅपवर २०२१ मध्ये आली. त्यात आवाज चिरका होत नाही, पट्टी तीच राहते. पण शब्दांबरोबर मधले थांबेही आक्रसतात. आणि गोष्ट सांगणाऱ्याचं अर्धं कसब त्या थांब्यांमध्येच असतं. तुम्ही जिथे श्वास घेतला असेल, पुढे काय झालं असेल याची उत्सुकता ताणली असेल, तिथे ती पोर सपाट्यात पुढे निघून गेली.

तरीही तिला एका मुद्द्यावर सोडून देते. लिहिलेला मजकूर डोळ्यांनी चाळता येतो, हवं तिथे थांबता येतं. आवाज चाळता येत नाही. सात मिनिटांचं बोलणं सात मिनिटंच घेतं. ज्या मुलांच्या फोनवर शिकवणीपासून मैत्रिणींच्या गाऱ्हाण्यांपर्यंत सगळं ध्वनिरूपात येऊन पडतं, ती मुलं वेग वाढवतात, कारण नाहीतर दिवस पुरत नाही. तिने तुमची गोष्ट त्या ढिगात टाकली, कारण ती त्या ढिगाच्या रस्त्यानेच आली. आणि काका, राग मानू नका, पण तो रस्ता तुम्ही निवडलात! ती संध्याकाळी घरी येणारच होती, शेजारच्या खोलीतच बसणार होती. लहानपणीची गोष्ट तुम्ही रेकॉर्ड करून पाठवलीत. मला विचाराल तर तुमच्या पत्रातली सगळ्यात आधुनिक सवय हीच आहे, आणि ती तुमची आहे.

कामाचा निरोप असेल तर दोन ओळी लिहा. गोष्ट असेल तर समोर बसवून सांगा. ती ‘नंतर’ म्हणाली तर ‘नंतर म्हणजे कधी?’ एवढं विचारा आणि ती वेळ पाळा. रेकॉर्डिंग मात्र सोडू नका, ते जपून ठेवण्यासाठी करा. ‘आत्ता ऐकू नकोस, तुझ्याकडे ठेव’ असं सांगून द्या. पुढे कधी ती ते सावकाश ऐकेल.

बोट पडलं की भलतंच उघडतं, ही तक्रार तुम्ही जाता जाता केलीत, मला ती मोठी वाटते. यात तुमची चूक जवळपास नाहीच. फोनच्या काचेत विद्युतभाराचं बारीक जाळं असतं, बोट टेकलं की त्या जागचा भार बदलतो आणि फोनला स्पर्श कळतो. वयाबरोबर त्वचा कोरडी होते, हा बदल क्षीण होतो, स्पर्श नोंदला जात नाही. मग आपण बोट जोरात आणि जास्त वेळ दाबतो. फोनच्या लेखी टेकवून उचललेलं बोट आणि दाबून ठेवलेलं बोट या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. तुम्ही म्हणता ‘उघड’, त्याला ऐकू येतं ‘पर्याय दाखव’. सेटिंग्जमध्ये ‘अॅक्सेसिबिलिटी’ असा विभाग असतो, तिथे बोट किती वेळ ठेवल्यावर ते दाबून धरल्यासारखं मानायचं, हे वाढवता येतं. अक्षरंही तिथूनच किंवा डिस्प्लेच्या सेटिंगमधून मोठी करा. बोटाला किंचित क्रीम लावलं तरी फरक पडतो.

आणि हा फोन मुलगा हातातून काढून घेतो, तिथे मी पुन्हा तुमच्या बाजूला येते. काम दहा सेकंदांत होतं, पण तुम्ही पुढच्या वेळी परत त्याच जागी अडता. त्याला सांगा, ‘तू हात मागे बांध, मला तोंडाने सांग.’ लिहून घ्या, वहीत, तुमच्या शब्दांत. तो पहिल्या दिवशी वैतागेल, वैतागू द्या. एक अपवाद ठेवा. कुणी फोनवर ओटीपी मागितला, पोलीस किंवा बँक असल्याचं सांगून घाई केली, किंवा घरच्या माणसाच्या आवाजात पैशांसाठी गयावया केली, तर काहीही न दाबता फोन ठेवायचा आणि त्या माणसाच्या नेहमीच्या नंबरवर आपण लावायचा. आवाजाची हुबेहूब नक्कल आता यंत्र करतं. इथे तुमचा जुना संशयी स्वभाव घरातल्या तरुणांपेक्षा उपयोगी ठरेल, तो मुळीच सुधारू नका.

तुमच्या मित्राचं ऐकून वाईट वाटलं. त्या चित्रांबद्दल मी तुमच्याशी अर्धीच सहमत आहे. दुःखात असलेल्या माणसाला फोन उचलण्याचं बळ नसतं. मेसेज त्याच्याकडून काही मागत नाही, रात्री झोप लागली नाही की तो वाचतो. दूरच्या ओळखीच्या माणसाने एवढं केलं तरी पुष्कळ. पण जवळच्याने कीबोर्डवरचं तयार चित्र निवडून मोकळं व्हावं, हे मलाही पटत नाही. तुम्ही इतरांचा हिशेब ठेवू नका. त्याच्या वडिलांची तुम्हाला ठाऊक असलेली, त्याला ठाऊक नसलेली एखादी हकिगत त्याला लिहून पाठवा. ती फक्त तुम्हीच पाठवू शकता. आणि पाठवताना आवर्जून लिहा, ‘उत्तर द्यायची गरज नाही.’

मागे पडलात का, हे तुम्ही विचारलंत, त्यावर एका माणसाची गोष्ट सांगते. योहानेस ट्रायथेमियस नावाचा एक जर्मन मठाधिपती होता. छापखाने सुरू होऊन काही दशकं झाली होती, आणि मठातल्या तरुणांनी हाताने ग्रंथ लिहून काढणं सोडू नये म्हणून त्याने १४९२ मध्ये लेखनिकांची थोरवी गाणारं एक पुस्तक लिहिलं. कातड्यावरचं लिखाण हजार वर्षं टिकेल, कागदावर छापलेलं जेमतेम दोनशे, असा त्याचा युक्तिवाद. ते पुस्तक १४९४ मध्ये छापून प्रसिद्ध झालं, छापखान्यातच! तरुण मंडळी असल्या गोष्टी वडीलधाऱ्यांची जिरवायला वापरतात. मला मात्र तो माणूस शहाणा वाटतो. छपाईचा जिथे उपयोग होता तिथे त्याने ती वापरली, आणि जे हरवताना दिसत होतं त्याबद्दल तक्रारही केली. दोन्ही एकाच वेळी करता येतं. तुम्हीही ई-मेलनेच मला पत्र पाठवलंत की!

एक शेवटची सूचना. हे उत्तर घरच्या ग्रुपवर टाकू नका. मुलगी आपल्या बाजूचा भाग उचलून तुम्हाला उलट पाठवेल, मुलगा अंगठा दाखवेल आणि नात अर्ध्यावर सोडेल. मुलाशी जे बोलायचं आहे ते त्याच्याशी एकट्याशी बोला, आणि मुलीला आज नुसती एक ओळ पाठवा, गप्पांसाठी तिला कोणता वार सोयीचा आहे ते विचारणारी.